पितळ उघडं

आईला फोनवर सांगितलं, "हल्ली शनिवारी शेजारच्या आजोबांकडे पितळ घासायला जाते," तर ती थोडा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "एवढं शिकून तिकडे लोकांची भांडी घासतेस?" भांडी नव्हेत गं, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, असं म्हटल्यावर तिनं काही न बोलता फोन बाबांकडे दिला.

आम्ही ओहायोत राहतो, क्लीव्हलँडच्या पश्चिमेला, ईरी सरोवरापासून गाडीनं दहा मिनिटांवर. शेजारचे आजोबा ऐंशीच्या पुढचे. उभी हयात कारखान्याच्या टूलरूममध्ये लेथवर गेलेली. मुलं लहान असताना त्यांना आजोबा म्हणायची, ते आता आमच्याही तोंडी बसलंय. दर उन्हाळ्यात ते पोर्ट क्लिंटनजवळच्या कॅम्प पेरीला जातात. तिथे सरोवराच्या काठावर १९०७ पासून नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात. आजोबांची रायफल एम-वन गॅरंड, म्हणजे अमेरिकन सैन्यानं १९३६ साली स्वीकारलेली. तिच्यात एका वेळी आठ काडतुसं बसतात आणि आठवं सुटलं की रिकामी क्लिप 'पिंग' असा आवाज करत वर उडते. ही रायफल म्हणजे त्यांचा हार्मोनियम आहे. ती ते कागदाच्या चकत्यांवर चालवतात, दुसऱ्या कशावर नाही.

बंदुकीचं मला वावडं आहे, हे आधीच सांगून टाकते. या देशात शाळांमधून मुलांना 'गोळीबार झाला तर कुठे लपायचं' याच्या तालमी देतात. माझ्या मुलांनीही त्या केल्यात. त्यामुळे शेजारी रायफल आहे हे कळल्यावर पहिली दोन वर्षं मी कुंपणापलीकडून नुसतीच हसत होते. मग आजोबांची बोटं संधिवातानं आखडली, आजी गेल्या, आणि एका शनिवारी गॅरेजमधून डबा पडल्याचा मोठा आवाज आला. जाऊन बघितलं तर फरशीभर पितळ सांडलेलं आणि आजोबा गुडघ्यांवर बसून एकेक पुंगळी वेचतायत. मी पण खाली बसले. त्याला आता चार वर्षं झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काडतुसात चार गोष्टी असतात: पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला ठिणगीचा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर फुटतो. शिल्लक राहते ती पुंगळी, आणि बहुतेक वेळा चौघांत महाग तीच. म्हणून इथले नेमबाज ती जपून ठेवतात आणि पुन्हा भरतात. स्वतःपुरती भरायला इथल्या केंद्रीय कायद्यानं परवाना लागत नाही. आपल्याकडे असलं काही घरात करायला गेलं तर पोलीस दाराशी येतील. दारू भरण्याच्या खोलीत मी पाय ठेवत नाही. "तुमचं दारूकाम तुम्हीच करा," असं मी आजोबांना एकदा मराठीतून म्हटलं आणि त्यातला विनोद इंग्रजीतून समजावताना माझी पुरेवाट झाली. माझं काम पितळेपर्यंतच.

पहिलं काम निवडण्याचं. मैदानावरून वेचलेलं पितळ बादलीत एकत्र येतं. त्यात दुसऱ्यांचं, दुसऱ्या मापाचं, बुटाखाली चेंबलेलं, चिखलानं माखलेलं सगळंच असतं. मी ते जुन्या चादरीवर पसरते आणि तांदूळ निवडावेत तशी निवडते. पोलादी पुंगळ्या लोहचुंबकानं बाजूला होतात. मग बुडावरचा शिक्का बघायचा. 'एल' आणि 'सी' म्हणजे मिझुरीतला लेक सिटीचा सरकारी कारखाना, शेजारचे दोन आकडे म्हणजे साल. शिक्क्यांप्रमाणे ढीग लावायचे, कारण प्रत्येक कारखान्याच्या पितळेची जाडी थोडी वेगळी असते. आजोबांना हे शिक्के न बघता बोटानं कळायचे. आता कळत नाहीत. तेव्हा मी मोठ्यानं वाचते आणि ते कुठल्या ढिगात ते सांगतात.

मग फुटलेले प्रायमर काढायचे. हाताच्या दांड्यावर चालणारा प्रेस असतो. दांडा खाली ओढला की आतली सुई पुंगळीच्या बुडातल्या भोकातून जाते आणि जुना प्रायमर टपकन खाली पडतो. त्याच्याबरोबर काळी भुकटी पडते, आणि आजोबा खरे घाबरतात ते या भुकटीला. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, बार उडाला की ते काजळीत उतरतं. म्हणून हातमोजे हवेत, गॅरेजचं दार उघडं हवं, चहाचा कप आत आणायचा नाही, आणि काम झालं की हात गार पाण्यानं धुवायचे. आजी होत्या तेव्हा त्यांनी या प्रकाराला स्वयंपाकघरात कायमची बंदी घातली होती. आजोबा ती अजून पाळतात.

धुणं दोन तऱ्हेचं. कोरडं आणि ओलं.

कोरड्यात थरथरणारं एक भांडं असतं. त्यात दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भरडा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा चुरा भरायचा, पुंगळ्या टाकायच्या आणि तीन-चार तास सोडून द्यायचं. हा चुरा आजोबा पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणतात. तिथे तो पाली-सरड्यांच्या पेटीत खाली पसरायला विकतात आणि नेमबाजांच्या दुकानातल्यापेक्षा स्वस्त पडतो. काटकसर ही काही फक्त पुण्याची मिरास नाही. झालं की सगळं चाळायचं आणि पाखडायचं. पाखडणं त्यांना मी शिकवलं. पटेल ब्रदर्स या इथल्या देशी किराणा दुकानातून स्टीलचं सूप आणलं आणि दोन झटक्यांत भरडा एकीकडे, पितळ एकीकडे केलं. आजोबा टूलरूममधला माणूस, अवजाराची पारख असलेला. त्यांनी ते सूप हातात घेऊन उलटंपालटं केलं, कड बोटानं चाचपली, आणि तेव्हापासून ते भिंतीवर खिळ्याला टांगलेलं आहे. पण त्यातून शिशाची धूळ उडते हे आमच्या लक्षात आलं आणि सूप सध्या नुसतंच टांगलेलं आहे.

म्हणून आता ओलं. रबरी अस्तराचं पिंप आडवं फिरतं. त्यात पाणी, पुंगळ्या, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक टाचण्या. टाचणी म्हणजे सहा-साडेसहा मिलिमीटर लांबीचा तारेचा तुकडा, एवढंच. त्या हजारोंनी असतात. दोन तास पिंप फिरतं तेव्हा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. आमच्या खडकीच्या क्वार्टरला पत्रा होता, त्यामुळे तो आवाज लागला की मला हटकून झोप येते. झाकण उघडलं की वर दाट, काळंकरडं पाणी. ते ओतायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा ओतायचं, निवळ होईपर्यंत. मग तळातून पितळ वर येतं आणि ते खरोखरच बघण्यासारखं असतं. आत-बाहेर, बुडातल्या खाचेसकट, सगळं नव्या नाण्यासारखं.

वाळवण हा वेगळा उद्योग. टाचण्या पुंगळ्यांच्या पोटात अडकतात, एखादी बुडातल्या भोकात तिरकी बसते. प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून आरपार बघायची. उन्हाळ्यात मी ती अंगणात चादरीवर पसरते, वर्षाचे गहू पसरावेत तशी. हिवाळ्यात ओहायोत ऊन नावाचं काही नसतं. तेव्हा फळं सुकवायच्या जुन्या यंत्रात घालतो. ओव्हनमध्ये घालायचा मोह होतो, पण आजोबा नको म्हणतात. पितळ जास्त तापलं की मऊ पडतं. तोंडाशी मऊ पडलेलं चालतं. बुडाशी पडलं तर ते बाराचा दाब सहन करणार नाही, आणि ते बूड नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर असतं.

आता माझ्या फजितीचं. पहिल्याच हिवाळ्यात मला वाटलं, या बाबतीत आपली परंपरा मोठी. आमच्याकडे बंब होता, घंगाळ होतं, दोन समया, एक मोठी परात. दिवाळीच्या आधीच्या रविवारी आई चिंच भिजत घालायची आणि आम्ही बहिणी अंगणात बसून राख, चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी घेऊन बंब घासायचो. काळवंडलेल्या पितळेवर चिंचेचा हात फिरला की खालून पिवळा पट्टा निघतो. तो पट्टा बघण्यासाठी आम्ही भांडायचो. म्हणून मी आजोबांच्या वीस पुंगळ्या घरी नेल्या, चिंचेच्या पाण्यात बुडवल्या आणि सकाळी बघू म्हणून झोपले.

सकाळी त्या गुलाबी झाल्या होत्या.

आजोबांनी एक उचलली, खिडकीशी धरली, काही बोलले नाहीत. मग भंगाराच्या डब्यात टाकली, मग दुसरी, असं करत वीसच्या वीस. काडतुसाचं पितळ म्हणजे शंभरात सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. आम्लात खूप वेळ राहिलं की जस्त आधी सुटतं आणि पृष्ठभागावर तांबंच उरतं. ते दिसायला सुंदर असतं, पण तिथलं पितळ पोकळ होत जातं. रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, चिंच लावून ठेवायची नसते. लावायची, घासायची, लगेच धुवायची. बंब काय रात्रभर भिजत घातला होता का मी कधी?" खरंच, कधीच नाही. आम्हाला कृती तोंडपाठ होती, पण तिच्यातली वेळ किती महत्त्वाची हे कधी कळलंच नव्हतं. चिमूटभर सायट्रिक आणि घड्याळ लावून दोन तास, हेही आईचंच शास्त्र, फक्त मोजून केलेलं.

दुसरी फजिती होता होता टळली. घरी समईसाठी पॉलिशची बाटली होती, ती घेऊन गेले. आजोबांनी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली, एका शब्दावर बोट ठेवलं आणि बाटली गॅरेजच्या बाहेर, पायरीवर नेऊन ठेवली. शब्द होता अमोनिया. "ही गोष्ट तुमच्या देशातली आहे," ते म्हणाले. "तुला कशी माहीत नाही?"

मला माहीत नव्हती. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेच्या काडतुसांना हिंदुस्थानात पावसाळ्याच्या दिवसांत आपोआप तडे जायचे. कुणी वापरलेली नसताना, पेटीत पडल्या पडल्या. इंग्रजीत या प्रकाराला ऋतूचंच नाव पडलं, सीझन क्रॅकिंग. हवा दमट, काडतुसं तबेल्यांत ठेवलेली, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया. पुंगळी घडवताना पितळेची चकती ओढून ओढून लांब करतात, शेवटी मान आवळतात. त्या ओढाताणीचा ताण धातूच्या अंगात तसाच राहतो. अमोनिया आणि ओल मिळून नेमकं तिथेच चिरतात. याचा नीट उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी तो मांडला. उपाय साधा होता: घडवून झाल्यावर पितळ पुन्हा जरा तापवायचं, म्हणजे ताण उतरतो. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर अजून निळसर-तपकिरी झाक दिसते ती या तापवण्याचीच. बाजारातल्या पुंगळ्यांवरून ती पुसून काढतात, लष्कर तशीच ठेवतं, तापवलंय याची खूण म्हणून.

आजोबांचं बोलणं ऐकताना माझ्या नाकात नवसागराचा वास आला. कल्हईवाला भट्टी पेटवून बसायचा, लाल तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकायचा, भसकन पांढरा धूर निघायचा आणि डोळे चुरचुरायचे. तो धूर अमोनियाच्या घरातलाच. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, एवढं आम्हाला पक्कं ठाऊक होतं. पितळ आंबटाला भितं, वाफेला भितं, मुतालासुद्धा भितं. फक्त बार सोसतं.

हे सगळं घासणं चकाकीसाठी नाही, हे मला फार उशिरा समजलं. एकदा मी लखलखीत पुंगळ्यांचा ट्रे समोर ठेवला आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. आजोबा म्हणाले, "कागदाला काय कळतंय चमकते की नाही?" घासायचं ते दोन कारणांसाठी. एक, खरखरीत कचऱ्यानं पुढच्या कामातल्या साच्याला ओरखडे पडू नयेत. आणि दुसरं, तडा दिसावा. काजळीखाली तडा लपतो. तोंडाशी उभी चीर, खांद्याशी केसाएवढी रेघ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बुडाच्या किंचित वर आतून पडणारं कडं. दर बाराला पितळ थोडं लांबतं आणि तिथेच पातळ होतं. बाहेरून फार तर एक उजळ रेघ दिसते. म्हणून आजोबांनी पेपरक्लिप सरळ करून तिचं टोक वाकवलंय. ते आत घालून भिंतीवरून हळूच वर ओढायचं. गुळगुळीत गेलं तर ठीक. टोक खाचेत अडखळलं की पुंगळी बाद. गॅरंडच्या पुंगळ्या ते चार-पाच वेळांपेक्षा जास्त वापरत नाहीत, कितीही चांगल्या दिसल्या तरी. त्यांची बोटं आता ते अडखळणं पकडू शकत नाहीत. म्हणून तार माझ्या हातात असते, आणि मी 'बाद' म्हटलं की ते डबा पुढे करतात. डब्यात पडल्याचा आवाज ऐकूनच मग मान हलवतात.

गेल्या सप्टेंबरात आजोबांच्या ओळखीच्या कुणीतरी कॉफीचा डबा भरून जुनं पितळ दिलं. निवडताना एक पुंगळी वेगळी लागली. बुडाला कड असलेली, काळी-हिरवी, मातीत राहिलेली. आजोबा म्हणाले, थ्री-नॉट-थ्री, लावू नकोस वेळ. प्रेसमध्ये घातली तर सुई आत जाईना. उजेडाकडे धरली तर बुडात एकाच्या जागी दोन बारीक भोकं. या जातीला बर्डन म्हणतात. नाव अमेरिकन माणसाचं, पण अमेरिकेत चालते ती बॉक्सर जात, जिचं नाव इंग्रज माणसाचं. दोन भोकांत एक सुई जात नाही, म्हणून अशी पुंगळी इथे थेट भंगारात. टाकणार होते. सवयीनं शिक्का वाचला.

के. मग वर टोक केलेला बाण. मग एफ. खाली ४२ आणि रोमन सात.

के-एफ म्हणजे कर्की फॅक्टरी. कर्की म्हणजे खडकी.

मी तिथेच चादरीवर बसले. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची. तिच्या भोंग्यावर आमच्या घराची घड्याळं लागायची. आजोबा, माझे सख्खे, लढाईच्या दिवसांत तिथे मजूर म्हणून लागले. बाबा पुढे एक्झामिनर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. दोघांनीही घरी कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही. शाळेत 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'सरकारी नोकरी' एवढंच लिहायचं. डब्यात काय नेतात हे मला माहीत होतं, तिथे दिवसभर काय हातात घेतात हे नाही. पुण्यात इतकी वर्षं जे कळलं नाही ते ओहायोतल्या एका गॅरेजमध्ये कॉफीच्या डब्यातून निघालं. ही पुंगळी घरी न्यायचीही सोय नाही. रिकामी असली तरी विमानतळावर बॅगेत सापडली की पुढचे काही तास कुठे जातील सांगता येत नाही. खडकीचा माल, खडकीला जायची बंदी.

रात्री व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी चष्मा बदलला, फोन नाकाशी धरला.

"बूड दाखव." दाखवलं.

"बाणाची आहे. इंग्रजांच्या वेळची. आता माउथ दाखव. फिरव. हळू. शोल्डर." हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आवाजही निराळा होता, घरातला नव्हे. "अगं, ही काळी आहे. काय कळणार? घासून आण."

"चिंचेनं चालेल?"

"चालेल. पण लगेच धू."

फोन तसाच डब्याला टेकवून ठेवला आणि हातमोजे घालून गॅरेजमधल्या बेसिनवर उभी राहिले. चिंचेचा कोळ अंगठ्यानं लावला, घासला, धुतला. पुन्हा लावला, घासला, धुतला. मानेशी पहिला पिवळा पट्टा निघाला. बाबा तिकडून बघत होते, मागे आईचा कुकर वाजत होता. फडक्यानं पुसून पुंगळी दिव्याखाली धरली. मानेपासून खांद्यापर्यंत एक बारीक काळी रेघ, केसासारखी.

"रेघ दिसतेय बाबा. डाग असेल?"

"नख लाव. आडवं ओढ. अडकतंय?"

ओढलं. "अडकतंय."

"रिजेक्ट," बाबा म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.